रांग मोडताना : बालवर्गातल्या खेळत्या तासाच्या नोंदी

५ जून

काम हाती आलं ते असं. तीन ते सहा वयाची मुलं, मिश्र वर्ग. रोज सकाळी अर्धा तास ‘व्यायाम’ असतो. मुलं कंटाळतात, ताई वैतागतात, आणि तास संपला की तीच मुलं वर्गात बाकांवरून उड्या मारतात. हा अर्धा तास खेळता करायचा, आणि पुढे तो ताईंना माझ्याशिवाय चालवता आला पाहिजे, एवढी अट. सामानासाठी वेगळी तरतूद नाही. फरसबंद अंगण, त्याच्या कडेला थोडं गवत, आणि रिकामी करता येईल अशी एक खोली.

मुलांची नावं या वहीत येणार नाहीत. टोपणनावं मीच ठेवणार.

आज काहीच केलं नाही, कोपऱ्यात बसून पाहिलं. आधी ओळीत उभं राहून हात वर, हात खाली, हात कमरेवर. मग सगळ्यांची एक रांग, समोर टोपली. एकेकाने यायचं, चेंडू टाकायचा, मागे जाऊन उभं राहायचं. मी स्टॉपवॉच घेऊन एकाच मुलावर नजर ठेवली: तो हलला की चालू, थांबला की बंद. मग दुसऱ्यावर, मग एका मुलीवर. चेंडूच्या खेळात एकेकाच्या वाट्याला काही सेकंदांची हालचाल येते आणि त्यानंतर बराच वेळ नुसतं उभं राहणं. रांगेत जे चालतं ते मात्र बघण्यासारखं: ढोसणं, शर्ट ओढणं, एका पायावर डुलणं, पुढच्याच्या सावलीवर उडी मारणं. तासातली सगळ्यात मनापासूनची हालचाल तीच, आणि ओरडा बसतो तोही तिच्यासाठीच.

माप म्हणून हेच धरायचं ठरवलं: मूल किती हललं यापेक्षा किती वेळ थांबून राहिलं. हालचाल नेमकी मोजायला यंत्र लागतं, वाट बघणं नुसत्या डोळ्यांना दिसतं.

६ जून

ताईंचा प्रश्न: “दादा, मुलांनी किती हलायला हवं हे कुठे ठरलेलं आहे का?”

आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं शारीरिक हालचाल, आणि त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस. एक-दोन वर्षांच्यांनाही १८० मिनिटंच, फक्त जोराची अट नाही. रांगायलाही न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं असं त्यात आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की २०२० च्या सूचना लागू होतात: रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस हालचाली आणि स्नायू व हाडं बळकट करणाऱ्या क्रिया.

“एकशेऐंशी? म्हणजे तीन तास पळायचं?” ताई हसल्या. तसं नाही. चालणं, जिना चढणं, खेळणी उचलून ठेवणं, खुर्चीखालून सरपटत जाणं, सगळं त्यात धरतात. एकदम करायचंही नाही, दिवसभरात पसरलेलं चालतं.

म्हणजे आपल्या अर्ध्या तासाने हिशेब पुरा होत नाही, आणि तो पुरा करायचा प्रयत्नही करू नये. या तासात मुलांना अशा गोष्टी दाखवायच्या की ज्या उरलेल्या दिवसात ती आपणहून करत राहतील. याने तासाची सगळी मांडणीच बदलते. शिट्टी वाजल्याशिवाय होत नाही अशी एकही गोष्ट मग उपयोगाची राहत नाही.

त्याच सूचनांमधलं आणखी एक इथे लिहून ठेवतो, कारण हे लोकांच्या लक्षातच राहत नाही: मुलाला एका वेळी एक तासापेक्षा जास्त वेळ बाबागाडीत किंवा पट्टा लावलेल्या खुर्चीत अडकवून ठेवू नये.

८ जून

नियोजनाचा दिवस. जुना वेळापत्रकी कागद समोर आहे, त्यात ‘अंगणाला फेऱ्या – ५ मिनिटं’ असं लिहिलेलं. ते खोडलं.

याला कारण आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते दहा वयाच्या मुलांच्या मोकळ्या हालचाली सेकंदांच्या हिशेबाने टिपल्या होत्या. हलक्या आणि मध्यम हालचालींच्या तुकड्याची मध्यक लांबी (निम्मे तुकडे त्याहून छोटे, निम्मे मोठे) निघाली ६ सेकंद. जोरकस हालचालीची फक्त ३ सेकंद. जोरकस तुकड्यांपैकी ९५ टक्के १५ सेकंदांच्या आत संपणारे. मुलं पळतात, थबकतात, वाकून काहीतरी उचलतात, परत पळतात. आमची मुलं त्याहून लहान, पण अंगणात दहा मिनिटं उभं राहिलं तरी हेच दिसतं. मोठ्यांना वाटतं चित्त थाऱ्यावर नाही. त्यांच्या शरीराची चालच तशी आहे. लहान मुलांचे स्नायू ऑक्सिजनवर चालणाऱ्या ऊर्जेवर मोठ्यांपेक्षा जास्त भिस्त ठेवतात, त्यामुळे छोट्या धावेनंतर ती लवकर ताजीतवानी होतात. एका लयीत लांब पळणं ही मोठ्या माणसाची आवड. चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं सलग पळवणं म्हणजे त्याला पळण्याचा कंटाळा शिकवणं.

तेव्हा ठरलं: लहान झटके, मध्ये स्वतःच घेतलेली विश्रांती, आणि कोणी बसलं तर ‘ऊठ’ म्हणायचं नाही.

११ जून

पहिला प्रत्यक्ष दिवस. मुलं यायच्या आधी अंगण मांडलं. पुठ्ठ्याची मोठी खोकी, त्यांतली दोन दोन्ही तोंडं उघडून बोगद्यासारखी. जमिनीवर नागमोडी टाकलेली जाड दोरी. गवताच्या बाजूला दोन जुन्या चादरी आणि उशा. एका भिंतीपाशी खडूने काढलेले गोल, काही जवळजवळ, काही लांब लांब. मऊ चेंडू मुद्दाम एकाच ठिकाणी न ठेवता चार कोपऱ्यांत.

सूचना एकच: “कुठूनही सुरुवात करा, डफली वाजली की माझ्याकडे या.”

मला हवी होती ती कल्पना ब्रिटिश शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेली आहे: हलवता, उचलता, जोडता, मोडता येतील असे सुटे भाग जितके जास्त, तितकी त्या जागेत नवं काही घडण्याची शक्यता जास्त. घसरगुंडीवर घसरताच येतं. खोक्याचं काय होईल ते सांगता येत नाही.

आणि तसंच झालं. बोगदे म्हणून ठेवलेली खोकी पहिल्या काही मिनिटांतच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ढकलत नेली गेली. ढकलणं हे माझ्या यादीत नव्हतं. पण जड खोकं ढकलताना पाय रोवावे लागतात, पाठ ताठ धरावी लागते, हात खांद्यापासून जोर लावतात. हात वर-हात खाली करून यातलं काही होत नाही. मग एकाला सुचलं की खोक्यात बसायचं आणि दुसऱ्यांनी ढकलायचं. ढकलणाऱ्यांचे चेहरे लाल, श्वास जोरात, बोलणं तुटक. जोरकस हालचाल ओळखायची माझी खूण हीच: नुसतं भरभर चालताना मूल बोलू शकतं, जोर लागला की वाक्य पुरं होत नाही.

दोरीवरून तोल सांभाळत चालायला फार कोणी गेलं नाही. ‘भिंगरी’ने ती उचलली आणि शेपूट म्हणून कमरेत खोचली. झालं, सगळे तिच्या मागे.

ताई म्हणाल्या, “गोंगाट फार झाला.” झाला खरा. उद्या आजूबाजूच्या वर्गांची वेळ विचारून घ्यायची.

१२ जून

तीच मांडणी, पण खोकी अंगणाच्या मध्ये. सगळे मध्येच गोळा झाले, कडा रिकाम्या. उद्यापासून मोठं सामान पुन्हा कडेला.

१५ जून

ताईंना हाताशी धरून चौकट लिहून काढली, म्हणजे रोज नवीन खेळ शोधत बसावं लागणार नाही. शारीरिक शिक्षणात चार दोऱ्या सांगतात: जागा, काम, साहित्य आणि सोबतीला किती जण. खेळ तोच ठेवायचा आणि यातली एकच दोरी ओढायची किंवा सैल सोडायची. उदाहरणार्थ खडूच्या गोलांतून उड्या. जागा बदलायची तर गोलांतलं अंतर वाढवा. काम बदलायचं तर दोन पायांनी, एका पायाने, मागे सरकत. साहित्य बदलायचं तर हातात हलका चेंडू धरून. सोबत बदलायची तर दोघांनी हात धरून. ताईंनी लगेच पाचवी दोरी सांगितली: “आवाज. हळू म्हटलं की मांजरं, जोरात म्हटलं की हत्ती.” वहीत घेतली.

मग पकडापकडी. मुलांना ती येतच होती, पण जुन्या नियमाने: पकडला गेला तो बाद, भिंतीपाशी जाऊन बसायचं. कोण बसतं भिंतीपाशी? ज्याला पळता येत नाही, वळता येत नाही, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तो. पहिल्या मिनिटाला बाद, उरलेला सगळा खेळ प्रेक्षक. आणि जो चपळ आहे त्याला सगळ्यात जास्त खेळायला मिळतं. बालवर्गातले बाद होण्याचे सगळेच खेळ या न्यायाने चालतात, आणि मला ते अजिबात पटत नाहीत.

बदल केला. ज्याच्यावर राज्य त्याने पकडलं की पकडलेल्याने जागेवरच थांबायचं, आणि कोणी त्याच्याभोवती एक फेरी मारली की तो सुटला. राज्य घेणारे एकाऐवजी तिघं. लहानग्यांना घरी ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळवतात तशी सवलत सगळ्यांनाच: कोणीही कधीही हात वर करून ‘टाइमप्लीज’ घ्यावी, श्वास घ्यावा, परत यावं. खेळ संपायला मागेना. मोठ्यांपैकी एकाने तक्रार केली की जिंकलं कोण ते कळत नाही. त्याला विचारलं, सोडवले किती जण? तो बोटं मोजू लागला आणि मोजता मोजता पकडला गेला.

१८ जून

‘पहारेकरी’ची नोंद. हा मुलगा पहिल्या दिवसापासून फाटकाला पाठ लावून उभा. हात मागे बांधलेले, नजर सगळीकडे. ताई त्याचा हात धरून आत आणू पाहतात आणि तो आणखी चिकटतो.

मी त्यांना थोडे दिवस थांबायला सांगितलं. बघणं हा सहभागाचाच एक टप्पा असतो, आणि या मुलाचं बघणं रिकामं नाही. कोण कुठून उडी मारतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज त्याच्या पायांजवळ, अगदी सहज, खडूचे दोन गोल काढले आणि निघून आलो. बऱ्याच वेळाने पाहिलं तर त्याचा एक पाय एका गोलात, दुसरा दुसऱ्यात. मग पायांची अदलाबदल. मग कोणी बघत नाही हे बघून, उडी.

ताई दुरून टाळ्या वाजवणार होत्या, मी खुणेनेच नको म्हटलं.

२० जून

दिवसभर पाऊस. तास खोलीत. खोली म्हणजे बाकं भिंतीला लावल्यावर उरते तेवढी जागा. इथे पळणं नको, म्हणून जमिनीजवळच्या हालचाली.

प्राण्यांच्या चाली. अस्वल: हात-पाय टेकलेले, गुडघे वर. खेकडा: पोट आकाशाकडे, हात मागे, आडवं चालायचं. बेडूक: उकिडवं बसून पुढे हात, मग पाय. ससा आणि सापाचा तर हट्टच धरला. पोरखेळ वाटतो, पण अस्वल आणि खेकडा झालं की शरीराचं वजन हातांवर येतं, आणि रोजच्या जगण्यात रांगायचं सुटल्यावर मुलांच्या खांद्यांवर आणि मनगटांवर वजन येण्याचे प्रसंग फार कमी उरतात. खेकडा अवघड गेला. बहुतेकांचं बूड जमिनीला टेकतच होतं. टेकू दे.

नुसतं ‘अस्वलासारखं चाला’ म्हटलं तर मुलं खोलीची एक फेरी करून थांबतात. “अस्वल झोपेतून उठलंय, अंग आखडलंय, गुहा अरुंद आहे, पाठ घासली तर गुहेतलं वटवाघूळ उठेल” असं म्हटलं तर तीच चाल कितीतरी वेळ टिकते आणि पाठ किती खाली न्यायची हे सांगावंही लागत नाही. गोष्टीच्या आत सूचना दडवता येते. ‘गुडघे वाकवा’ कोणी ऐकत नाही, ‘वटवाघूळ उठेल’ सगळे ऐकतात.

शेवटी ‘स्टॅच्यू’. डफली चालू तोवर नाचायचं, थांबली की गोठायचं. यात दमणूक आहेच, पण खरी मेहनत थांबण्यात आहे. चालू असलेलं शरीर आवरणं हे तीन वर्षांच्या मुलाला भारी जातं, सहा वर्षांच्याला बरंच जमतं. नंतर नियम उलटा केला: डफली थांबली की नाचा, वाजली की गोठा. मोठ्यांचीसुद्धा त्रेधा उडाली आणि ताईही दोनदा चुकल्या. चुकणाऱ्याला बाद केलं नाही, फक्त सगळे हसले.

‘भिंगरी’ गोल गोल फिरत राहिली, पडली, परत उठली. ताईंना काळजी. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. शरीर थांबलं तरी तो क्षणभर फिरत राहतो आणि जग गरगरतं. मुलांना त्याचंच तर सुख. भोवती कोपरे नसले, मऊ जागा असली, आणि थांबायचं तिच्या हातात असलं, की फिरू द्यावं. दुसऱ्याने धरून फिरवू नये एवढंच.

२४ जून

झेल. या तासातला सगळ्यात गैरसमजाचा विषय.

मूल चेंडू झेलत नाही तेव्हा मोठे म्हणतात, “चेंडूकडे बघ!” ते बघत असतं, आणि बघतंय म्हणूनच तोंड फिरवतं. चेहऱ्याकडे येणारी वस्तू टाळणं हे शहाणपण आहे. लहान मुलांचा झेल ठरावीक वळणांनी पुढे जातो: आधी हात पुढे काठ्यांसारखे ताठ आणि तोंड बाजूला, मग चेंडू छातीशी कवटाळणं, आणि शेवटी नुसत्या पंजांनी पकडणं. ही वळणं सांगून गाळता येत नाहीत. फक्त चेंडू बदलता येतो.

म्हणून आज आधी ओढण्या आणि पातळ रुमाल. वर फेकले की तरंगत खाली येतात, मुलाला खाली पोचायला वेळ मिळतो. मग फुगे. मग हवा थोडी कमी असलेला मोठा मऊ चेंडू, जो उसळी मारून पळून जात नाही. लहान कडक चेंडू आज बाहेर काढलाच नाही. रुमालाने तीन वर्षांच्यांनाही ‘झेल’ मिळाला. ज्याला एकदा मिळाला तो पुन्हा पुन्हा फेकत सुटला.

फेकण्यातही तसंच. अगदी लहान मूल समोर तोंड करून, पाय न हलवता नुसत्या कोपरातून फेकतं. मग फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे येतो. उलट बाजूचा पाय पुढे येणं आणि कंबर वळणं हे उशिरा. नेम धरायला लावला की मूल आखडतं आणि मागच्या वळणावर जातं. म्हणून टोपली काढून टाकली. “भिंतीवर जितक्या जोरात आपटेल तितका मोठा आवाज” एवढंच सांगितलं. जोर लावायचा म्हटल्यावर पाय आपोआप पुढे येऊ लागले. एका रांगेत टोपलीत टाकायचा तो खेळ या कारणासाठीही मोडायलाच हवा होता.

वर्गात एका मुलीला कमी दिसतं. तिच्यासाठी चेंडू कागदी पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, येताना खसखस वाजतो. जमिनीवरून घरंगळत पाठवला. बाकीच्यांनी तो चेंडू बघितला आणि सगळ्यांनाच वाजणारा हवा झाला, डोळे मिटून. तिच्याकरता वेगळा खेळ मांडावा लागला नाही, आणि डोळे मिटलेल्यांत सगळ्यात आधी चेंडू तिच्या हाती लागत होता.

२५ जून

फुग्यांबद्दल, ठळक अक्षरांत: फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा मुलाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. फुगे मोठ्यांनीच फुगवायचे, मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, फुटला की खेळ थांबवून सगळे तुकडे उचलायचे. ज्या दिवशी एकच मोठं माणूस असेल त्या दिवशी फुगे नाहीत, रुमाल.

२८ जून

अंगणातल्या ओट्यावरून वाद. ओटा मुलांच्या छातीएवढा. त्यावर चढायचं आणि खाली चादरीवर उडी मारायची, हे मुलांनी स्वतःच सुरू केलं. ताई म्हणाल्या बंद करा. मी म्हटलं बघू या.

नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोक्याची अवजारं, पाणी-आगीसारख्या धोक्याच्या गोष्टी, झोंबाझोंबी, आणि नजरेआड होणं. आपल्याकडे पहिली दोन आणि थोडी पाचवी येतात. अवजारं आणि आग या अंगणात कोणी आणणार नाही, त्यामुळे चर्चा उंचीपुरतीच केली.

ठरलेले नियम. मुलाला उचलून वर ठेवायचं नाही. जो स्वतः चढू शकतो तोच उतरण्याचा अंदाज घेऊ शकतो. खाली गादी दुहेरी, फरशीवर उडी नाही. एका वेळी एकच जण वर, पण रांग नको. म्हणून उतरण्याच्या दोन वाटा केल्या, एक उडीची आणि एक पोटावर पालथं होऊन पाय सोडत उतरायची. दुसरी वाट लहानग्यांनी लगेच उचलली.

आणि ‘सांभाळ!’ हा शब्द बंद. त्याने मूल दचकतं आणि काय सांभाळायचं ते कळत नाही. त्याऐवजी विचारायचं: “आता पाय कुठे ठेवणार?” “हाताखालची कड घट्ट आहे का?” ताईंना हे सुरुवातीला कृत्रिम वाटलं. मलाही वाटतं. पण ओट्यावरचा एक मुलगा हाताने कड चाचपून पाहू लागला, म्हणजे प्रश्न पोचला.

२ जुलै

पालकांची भेट. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न: “कोणता व्यायाम करून घ्यायचा ते लिहून द्या.” दुसरा: “शर्यत कधी?”

शर्यतीचं सांगितलं ते असं. या वयात मुलांना आपण फार चांगले आहोत असं वाटतं, आणि ते वाटणं खरं नसलं तरी उपयोगी असतं, कारण त्याच बळावर ती न जमणारी गोष्ट पुन्हा पुन्हा करतात. पुढे शाळेत तुलना करता यायला लागली की ज्यांना हालचाली येत नाहीत ती मागे सरतात, कमी खेळतात, आणि आणखी मागे पडतात. आत्ता नंबर लावून ते लवकर आणण्यात फायदा कोणाचा? एक आजोबा म्हणाले, “पण स्पर्धेची सवय लागायला नको का?” लागेल हो, जगात स्पर्धेचा तुटवडा नाही.

लिहून काही दिलं नाही, तोंडी सांगितलं. घरात फरशीच्या रेघेवरून चालत स्वयंपाकघरात जायचं. हात धुवायला जाताना बेडूक व्हायचं. मोजे गोळा करून टोपलीत लांबून फेकायचे. उशांच्या बेटांवरून पलीकडे जायचं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आई-बाबांनीही. सगळ्यात जास्त फरक पडतो तो मोठं माणूस स्वतः जमिनीवर बसतं तेव्हा. एका आईने विचारलं, घरी यायला रात्र होते, मग? मग झोपायच्या आधीची दहा मिनिटं गादीवर लोळण्याची. पडद्यावरच्या ‘मुलांच्या व्यायामा’बद्दलही विचारलं गेलं. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघणं दिवसाला एक तासाच्या आत, कमी तितकं बरं, असं त्याच २०१९ च्या सूचनांत आहे. उभं राहून नाचणं हे बसून बघण्यापेक्षा बरंच, पण पडद्यावरचा माणूस मुलाला बघत नाही, त्याला कळत नाही की मूल अडकलंय.

६ जुलै

एका पायावरच्या उड्या आणि घोडदौड. घोडदौड, म्हणजे एकच पाय कायम पुढे, तीन-चार वर्षांच्यांनाही जमते. पाय आलटून पालटून पाऊल-उडी, पाऊल-उडी करत जाणं हे सगळ्यात उशिरा येतं, सहा वर्षांपर्यंतही सगळ्यांना येत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या आईला हे आज फाटकापाशी सांगावं लागलं. तिने शेजारच्या मुलाशी तुलना केली होती.

लंगडीत एक गंमत. डाव्या पायावर लंगडी घालायला सांगितलं की बऱ्याच जणांना नवल वाटतं की हा पाय वेगळाच वागतो. दोन्ही पाय चालतात, लंगडी एकच घालतो.

९ जुलै

स्टॉपवॉच पुन्हा बाहेर. पद्धत पहिल्या दिवसाचीच, मुलंही शक्यतो तीच. थांबून राहणं खूप घटलं, हे कोणालाही दिसेल. पण दोन गोष्टी मनासारख्या नाहीत.

एक, मोकळ्या मांडणीत मुलं आपल्या आवडीच्या गोष्टीला चिकटतात. ‘भिंगरी’ फिरते, ओट्यावाले ओट्यावरच. झेल आणि फेक या गोष्टी खेळगड्याशिवाय होत नाहीत, म्हणून त्या मागे पडल्या. तासाच्या शेवटची काही मिनिटं त्यासाठी राखून ठेवायची, जोड्या ताईंनी लावायच्या.

दोन, अंगणाचा मधला भाग चेंडू घेतलेल्या चार-पाच मुलग्यांनी व्यापला आहे आणि मुली कडेकडेने खेळतात. कोणी हाकललेलं नाही, असंच होत गेलं. ‘मुलींनो, या ना’ म्हणून बोलावण्यात अर्थ नाही. चेंडू दोन कोपऱ्यांत हलवले, मध्ये खोकी आणि चादरी आणल्या. १२ जूनला मध्ये गर्दी झाली होती तीच आता कामाला आली. लगेचच बदल दिसला, पण तो टिकतो का ते ताईंनी बघायचं.

‘पहारेकरी’: फाटकापासून अंगणाच्या मध्यापर्यंत खडूचे गोल त्याने स्वतः काढून घेतले. मधल्या एकात दुसऱ्याला उभं राहू देत नाही. यावर अजून काही केलेलं नाही.

१३ जुलै

आज तास ताईंनी एकट्याने घेतला, मी फाटकाबाहेर. त्यांनी अंगणात येताना रांग केली. आधी मला खटकलं, मग पाहिलं की ती रांग जिन्यावर सुरक्षित उतरण्यासाठी होती आणि अंगणात पाऊल टाकताच मोडली. जिन्यावर रांग राहील.

त्यांनी वटवाघळांची गोष्ट पुढे नेली आहे, आता गुहेत एक झोपाळू सिंह आहे आणि तो कोणावर राज्य देतो ते मला नीट कळलं नाही. मुलांना कळलं होतं.

कामं: दोरीचं एक टोक उसवलंय, गाठ मारून किंवा कापून टाकायची. मोठी खोकी भिजून मऊ झालीत, नवी मिळेपर्यंत चादरी चार. ओट्याखालची दुहेरी गादी दर आठवड्याला उचलून खालची फरशी बघायची. पुढच्या महिन्यात तीन वर्षांची नवी मुलं येणार, त्यांच्यासाठी सगळ्यात जवळच्या गोलांतलं अंतर एका पावलाएवढं ठेवायचं. ताईंना मी पंधरवड्याने एकदा भेटणार, स्टॉपवॉच त्यांच्याकडेच राहील.